पहिला नंबर घरचा

सोमवार, ८ सप्टेंबर

हितेंद्रशेठच्या डोक्यात आज पेपरवेट घालायचा तेवढा राहिला. डॉक्टर म्हणतात, राग पोटात ठेवू नका, तुमचं बीपी वाढतं; लोकांवर काढू नका, त्यांचं वाढतं. म्हणून ही वही.

आमची कंपनी केळीची टिश्यू कल्चर रोपं विकते. विकल्यावर ती कशी वाढतात ते बघायला मुली पाठवते. शेतीचा डिप्लोमा झालेल्या सहा मुली, त्यांच्या सहा स्कूट्या, आणि जळगावच्या ऑफिसात त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी. हितेंद्रशेठच्या वडिलांच्या वेळेपासून आहे, म्हणून सगळ्यांची अक्का. केळीची बाग एकदा भरली की आतला माणूस बांधावरून दिसत नाही. अशा बागेत बावीस वर्षांची पोर एकटी शिरते, पानं उलटून बघते, फोटो काढते आणि बाहेर येते. येते, असं आपण धरून चालतो.

आज मुक्ताईनगरकडच्या एका प्लॉटवर व्हायरस निघाला. त्या शेतकऱ्याने आमच्या भूमिकाच्या स्कूटीची चावी काढून घेतली आणि तिला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसवून ठेवलं. तुझ्या शेठला बोलव, तो आला की जा. फोनला रेंज नाही. दुपार टळल्यावर शेजारच्या शेतातल्या बायका निंदणी आटोपून निघाल्या. त्यातल्या एकीने त्याला शिव्या घालून चावी घेतली, तेव्हा ही सुटली.

शेठनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हात तर नाही ना लावला?" म्हणजे हात लागेपर्यंत सगळं चालतं. मी म्हटलं, मुलींना जोडीने पाठवा. "अक्का, मग निम्मेच प्लॉट होतील." पेपरवेट तेव्हाच हातात आला होता.

भूमिकाला चहा करून दिला. चहा पिताना एकच गोष्ट बोलली, "अक्का, घरी सांगू नका." परत कप ठेवताना तेच. पोर घाबरली होती. घाबरलं की माणूस काहीही बोलतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

शेठनी तोडगा काढला. बटण. आयकार्डासारखं गळ्यात अडकवायचं, संकट आलं की दाबून धरायचं. आत सिम असतं, ठरवलेल्या दोन नंबरांवर एकाच वेळी फोन वाजतो आणि मुलगी कुठे आहे ते नकाशावर दिसतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. जोडीला माणूस मागितला तर प्लास्टिकचा तुकडा आला. पण काहीच नसण्यापेक्षा बरं, म्हणून मी कामाला लागले.

बटणवाल्या मुलाने विचारलं, पहिला नंबर कोणाचा? यात विचारायचं काय? पहिला घरचा, दुसरा माझा. संकटात आपलं माणूस नको का आधी कळायला? मुली सगळ्या माना खाली घालून बसल्या होत्या, जसं काही मी त्यांची परीक्षा घेतेय.

चारुलता सावद्याजवळ सासरी राहते. नवरा चाकणला कंपनीत, म्हणून सासऱ्यांचा, झुलाल आबांचा नंबर टाकला. म्हणाली, "अक्का, तुमचाच पहिला ठेवा ना." मी म्हटलं, मी जळगावात, सासरे शेजारी. आधी कोण पोचेल?

भूमिका फैजपूरला खोली घेऊन राहते, वडील धुळ्याजवळच्या खेड्यात. तिने लगेच पकडलं. "अक्का, जवळचा माणूस म्हणता, मग माझे बाबा धुळ्याहून कसे पोचतील?" मी म्हटलं, बाप कितीही लांब असला तरी बाप. पोरगी माझ्या माहेरच्या मुलखातली आहे, जीभ तशीच धारदार. पण नंबर दिला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज घरातच आग. आमची सून कामिनी एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. पहाटे निघते, लोकांच्या चहाआधी. आज आली तर कुर्त्याची बाही फाटलेली, कोपर सोललेलं.

"काय झालं?"

"पडले."

"कुठे?"

"अशीच."

असं कुणी अशीच पडतं का? माझा तोल गेला. म्हटलं, रोज कुणाच्याही घरात शिरायचं, अनोळखी माणसाच्या हातात सुई खुपसायची, ही काय नोकरी झाली? भूषण काय कमी कमावतो? बस घरी. भूषण म्हणाला, "आई, जाऊ दे ना." मी भूषणलाही सोडलं नाही. कामिनी ताट वाढून आत गेली.

तिला घरी सोडायला तिच्या लॅबमधली सारिका आली होती. म्हणजे सारिकाला आधी कळलं. मला फोन का नाही केला? मी काय परकी आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या मुलींसाठी बटणं वाटत फिरते आणि माझ्या घरची सून पडली तर ते मला तिसऱ्या माणसानंतर कळतं. भयंकर राग आला. अजून आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर

बटण चाललं.

चारुलता एका प्लॉटवरून निघाली तर वाटेत दोन टवाळ पोरं मोटरसायकल आडवी लावून उभी. जाऊ देईनात. तिने बटण दाबलं. इकडे माझा फोन वाजला, मी चपला शोधतेय तोवर तिकडे झुलाल आबा भाऊबंद घेऊन ट्रॅक्टरवर हजर. पोरांनी गाडी टाकून पळ काढला. शेठनी ऑफिसात पेढे वाटले. मलाही मान्य करावं लागलं की प्लास्टिकचा तुकडा कामाचा निघाला, आणि पहिला नंबर घरचा ठेवायची अक्कल माझी.

संध्याकाळी आबांचा फोन आला. "बाई, तुमचं यंत्र चांगलं हाये. पन आमची सून अशी केयीच्या बागाईत एकलीच हिंडते, हे आमाले आजच कळलं."

"म्हणूनच तर बटण दिलं ना, आबा," मी म्हटलं.

ते "बरं" म्हणाले. चांगला माणूस वाटला.

सोमवार, २९ सप्टेंबर

चारुलताने नोकरी सोडली. समोर येऊन सांगितलंसुद्धा नाही. मोबाइलवर दोन शब्द, घरगुती कारण. फोन केला तर उचलत नाही.

हे असंच असतं. शिकवा, हाताखाली तयार करा, आणि ऐन कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागवड सुरू होताना पाठ दाखवतात. ती आमची सगळ्यात हुशार मुलगी. नुसत्या पानावरून सांगायची कुठला रोग आहे. वर तिच्याचसाठी आपण जीव काढला, तिच्याच बटणाचे पेढे खाल्ले. कृतज्ञता नावाची चीज उरली नाही.

बाकीच्या मुलींना विचारलं, तुम्हाला काही बोलली का? सगळ्यांनी स्कूटीच्या चाकांकडे बघितलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज न सांगता तपासणी केली. एकीचं बटण डिकीत, दुसरीचं बंद. तिसरीने ते घरी देवघरात ठेवलंय, हळदकुंकू लावून. भूमिकाच्या गळ्यात होतं, पण चार्ज नाही.

मी इतकी ओरडले की गोदामातले हमाल बाहेर आले. म्हटलं, यांच्या जिवाची काळजी मला आणि यांना नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, इथे जळतं यांचं आणि कळतं मला. बटण चालू नसेल त्या दिवशी प्लॉट नाही, घरी बसायचं.

"घरी बसायचं" म्हटल्यावर मात्र जवळ होती त्यांनी पटकन गळ्यात घातली, देवघरवाली आणायला पळाली.

भूमिकाला बाजूला घेतलं. ती धुळ्याकडच्या बोलीतच बोलली, मला कळते म्हणून. "अक्का, मन्हं काम शे, मी पाही लिसू."

काय पाही लिसू? त्या दिवशी पायरीवर बसून काय पाहून घेतलंस? ती हसली. त्या हसण्याचाही राग आला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज सगळं लिहिणार आहे.

दुपारी चारुलताचा फोन. इतक्या दिवसांत तिचा पहिला. "अक्का, भूमिका पडली. हात मोडलाय. फैजपूरच्या दवाखान्यात आणलंय." मी कंपनीची गाडी काढायला सांगितली आणि गाडी यावलच्या रस्त्याला लागायच्या आत भूमिकाच्या वडिलांना फोन लावला. पहिला नंबर घरचा, नियम माझाच. ते म्हणाले, निघतो लगेच.

भूमिका खाटेवर. प्लास्टर झालेलं, गालावर केळीच्या पानांचे ओरखडे. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा भाऊ तिच्या मागोमाग बागेत शिरला. आधी रोपांचं विचारत होता, मग दुसरंच बोलायला लागला, मग मनगट धरलं. तिने झटका दिला आणि पळाली. ठिबकच्या नळीत पाय अडकून पाण्याच्या चारीत पडली. हात मोडलेल्या अवस्थेत आत दडून राहिली, तो हाका मारत फिरत होता तोवर. बटण गळ्यात होतं. चालू होतं, मीच सकाळी तपासलं होतं.

"मग दाबलं का नाहीस?" मी ओरडले. दवाखान्यात, जखमी पोरीवर. "कशासाठी दिलंय ते?"

तिने माझ्याकडे बघितलं. "अक्का, घरी नाही ना सांगितलं?"

"सांगितलं. निघालेत ते."

तिने तोंड भिंतीकडे केलं. हाड बसवताना ती रडली नव्हती, असं नर्स म्हणाली. आता रडायला लागली, आणि आवाज येऊ नये म्हणून ओढणी तोंडात धरली.

बाहेर चारुलता उभी होती, डोक्यावर पदर. भूमिकाने बागेतून तिला फोन केला होता. पोट दुखतंय, दवाखान्यात जाते, असं सासऱ्यांना सांगून ही जुन्या स्कूटीवर गेली आणि तिला बागेतून काढून आणलं. मी तिलाही झापायला तोंड उघडलं. तिने उघडू दिलं नाही.

"अक्का, तुमी मले विचारलं का, मी नोकरी कायले सोडली? मी सोडली नही. बटन दाबलं, आबा आले, मले ट्रॅक्टरवर बसवलं आन घरी नेलं. ते पोरं दुसऱ्या दिवशी पुन्हा तठेच उभे होते. मीच फक्त नव्हती." पदर सावरला. "बठ्ठ्या पोरींले म्हाईत होतं. तुमालेच नव्हतं."

मी म्हटलं, मग मला सांगायचं ना.

"तुमाले?" ती म्हणाली. "तुमी ऐकलं असतं?"

बुधवार, १५ ऑक्टोबर

भूमिकाचे वडील काल संध्याकाळीच पोचले. मला वाटलं आरडाओरडा करतील, मी भांडायची तयारी ठेवली होती. त्यांनी हात जोडले. ते सगळ्यात वाईट झालं.

"तुमना फोन उना म्हनीसन आम्हले कयनं, अक्का. नहीतं हाई पोर काही सांगती ना. तुमना उपकार शे."

मी म्हटलं, पोलीस ठाण्यात चला, मी येते, त्या माणसाचं नाव मला माहीत आहे. त्यांनी मान हलवली. पोरीचं लग्न व्हायचंय, नाव कुठे लागायला नको. शेठचाही फोन आला होता, अक्का, जरा सबुरीने, वर्षाची मोठी ऑर्डर आहे त्यांची. दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि दोघांची भाषा एक. आरोळी ठोकावीशी वाटली. ज्याने मनगट धरलं तो आज आपल्या बागेत निवांत असेल, आणि जिचं मनगट धरलं तिची खोली रिकामी होतेय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"बठ्ठं सामान भर व बेटा," वडील म्हणाले. मायेने म्हणाले. एका हाताने तिला भरता येईना, तर त्यांनी स्वतः तिचे कपडे घडी करून बॅगेत ठेवले. पुस्तकंही. भिंग होतं पानं बघायचं, ते हातात घेऊन विचारलं, हाई काय शे? त्यांनी तेही रुमालात गुंडाळून ठेवलं.

निघताना तिने गळ्यातलं काढून मला दिलं. "अक्का, हे कंपनीचं."

रागावली असती तर बरं झालं असतं. जिवावर बेतलं तरी तिने जे बटण दाबलं नाही, ते मी काल गाडीत बसल्या बसल्या दाबलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. ऑफिसात वह्यांची पूजा, आणि पूजेनंतर माझं शेठशी भांडण. आजवरचं सगळ्यात मोठं.

शेठ म्हणाले, "अक्का, बटण असून तिने दाबलं नाही. यात कंपनीचा काय दोष? पुढच्या सीझनला मुलंच ठेवू, कटकट नको." म्हणजे गुन्हा केला गिऱ्हाइकाने, हात मोडला भूमिकाचा, आणि नोकरी जाणार उरलेल्या मुलींची. मी म्हटलं, त्या माणसाच्या शेतात या कंपनीचं एक रोप गेलं तर मी गाडीसमोर आडवी होईन. माझं वय आणि वजन बघता तुम्हाला गाडी काढता येणार नाही.

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनाही कळलं.

मी सांगितलं ते असं. ज्या प्लॉटवर एकदा वाकडं काही झालं तिथे एकटी मुलगी जाणार नाही. बागेत शिरताना फोन, बाहेर आल्यावर फोन. आला नाही तर मी निघणार, मुलीने काही दाबायची वाट बघणार नाही. आणि बटणाचे नंबर मुली ठरवतील. घरचा नको असेल तर नको. का नको ते कुणी विचारायचं नाही, मीसुद्धा नाही. हे मान्य नसेल तर कांदेबागेच्या ऑर्डरी तुमच्या तुम्ही लावा, मी चालले. ऑर्डरी कुठे काय लावायच्या ते त्यांच्या वडिलांनाही माझ्याशिवाय कळत नव्हतं. मान्य केलं. त्या गिऱ्हाइकाचं मात्र "बघू" म्हणाले. मी बघणारच आहे.

मुलींना बोलावून विचारलं, पहिला नंबर कोणाचा? या वेळी कुणी मान खाली घातली नाही. सगळ्यांनी एकच नंबर सांगितला. चारुलताचा.

शेठ म्हणाले, ती तर आपल्याकडे कामाला नाही. मी तिला फोन लावला, धाकधुकीनेच. ती म्हणाली, "घरात बसून फोन तं उचलू शकते ना, अक्का. तेवढं अजून कोनी बंद केलं नही."

सोमवार, २७ ऑक्टोबर

भूमिकाला फोन केला. तिच्या नंबरवर वडील बोलले. हात बरा आहे, ती बरी आहे, पाहुणे बघायला येणार आहेत. मी म्हटलं, तिच्याशी बोलू द्या. म्हणाले, कामात शे. पुन्हा माझे आभार मानले.

फोन ठेवल्यावर स्टुलाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

रविवार, २ नोव्हेंबर

भूमिकाचं बटण माझ्या पर्समध्येच पडून होतं. आज पर्स आवरताना बाहेर आलं. कामिनी समोर भाजी निवडत होती. तिची नजर त्यावर गेली आणि परत भाजीवर आली. एवढंच. पण त्या नजरेत मला एकदम तिचं सोललेलं कोपर दिसलं, फाटलेली बाही दिसली आणि दारात तिला सोडून वळलेली सारिका दिसली. दीड महिना मी कुठल्या कुठल्या आबांवर आणि बापांवर चिडत होते. कामिनीच्या बटणावर पहिला नंबर कोणाचा असता? माझा. आणि तिने ते दाबलं असतं का?

मी बटण तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "हे घे. नंबर तू टाक. कोणाचा टाकलास ते मला सांगू नकोस."

तिने हात लावला नाही. "नोकरी सोडायला लावणार का?"

"नाही."

"तुम्ही मागे म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी पडले नव्हते, आई."

"माहीत आहे," मी म्हटलं. खरं तर ते मला आज, तिची नजर बटणावर गेली तेव्हाच कळलं होतं.

"सांगितलं तर चिडणार नाही ना?"

खोटं बोलता आलं असतं. पण या घरात माझ्या रागाला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

"चिडेन," मी म्हटलं. "पण तुझ्यावर नाही."

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. मग उठली, हात धुतले, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.